उरलेला गॅस

नव्या नियमांनी बर्फमास्तरांचं मोठं नुकसान केलं ते एकाच बाबतीत. सिलिंडरच्या तळाशी उरणारा गॅस आता त्यांचा राहिला नाही.

फ्रीज आणि एसी दुरुस्त करण्यात मास्तरांची सदतीस वर्षं गेली होती. शाळा सातवीतच सुटलेली, पण हाताखाली चार जण शिकून गेले म्हणून लोक मास्तर म्हणू लागले, आणि धंद्यावरून पुढे बर्फ चिकटला. या धंद्यात एक जुनी रीत होती. सीझन संपला की सिलिंडरात शे-दीडशे ग्रॅम गॅस शिल्लक राहायचा. तेवढ्यात एसीचं काम होत नाही आणि दुकानदार तो परत घेत नाही. मग तो मिस्त्रीच्या स्वतःच्या घरी जायचा. मास्तरांच्या घरचा हिरवा फ्रीज वर्षानुवर्षं या उरल्यासुरल्यावर चालला होता. थंडावा कमी झाला की मास्तर नळी लावायचे, पाच मिनिटांत गॅस भरायचे आणि गिऱ्हाइकाकडे पळायचे.

आता जुन्या गॅसचा पुरवठा कमी केला होता. भाव चौपट झाला होता. रिकामं सिलिंडर दुकानात परत देताना वजन करून द्यावं लागे, आणि कुठल्या यंत्रात किती ग्रॅम भरला ते सांगावं लागे. शिवाय गळत्या यंत्रात नुसता गॅस भरायला बंदी होती. आधी गळती शोधा, बंद करा, फोटो दाखवा, मग गॅस.

बायको जाऊन मास्तरांना सात महिने झाले होते. घरात आता ते एकटेच. दर रविवारी लेक यायची, आठवड्याची भाजी करून डब्यांत भरून ठेवायची. त्या रविवारी तिने डबा उघडला तर आदल्या आठवड्याची भाजी आंबलेली. तिने फ्रीजच्या आत हात घालून पाहिला आणि तो बाहेर काढून बापाकडे पाहिलं.

लेकीने मग विषय काढलाच. जुना फ्रीज दिला तर नव्यावर सूट मिळते, अशी योजना आली होती, आणि तिची मुदत शनिवारपर्यंत होती. तिने नाव नोंदवून टाकलं होतं. शनिवारी चारला गाडी येईल, म्हणाली. विजेचे दरही बदलले होते, ठरावीक युनिटच्या वर गेलं की दुप्पट आकार. हा फ्रीज दिवसरात्र न थांबता चालतो, तोच तुम्हाला वर नेतो, असं तिने बिल समोर धरून समजावलं. तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. गिऱ्हाइकाला मास्तरांनी हेच सांगितलं असतं. म्हणून त्यांनी बिलाची घडी करून ते खिशात टाकलं.

पण फ्रीज त्यांना द्यायचा नव्हता. त्याची जी बाजू भिंतीला लागून होती तिच्यावर बायकोच्या हातच्या तारखा होत्या. गॅस भरला की ती पेन्सिलने तारीख लिहून ठेवायची. घरात तिच्या अक्षरातलं तेवढंच राहिलं होतं. वाणसामानाच्या याद्या ती लिहायची, पण त्या सामान आणलं की फाडल्या जात. लेकीला हे सांगणं मास्तरांना जमलं नाही. पेन्सिलीच्या चार रेघांसाठी एवढी वीज जाळता का, असं ती म्हणाली असती.

बुधवारी ते गॅसच्या दुकानात गेले. काउंटरवर मालकीणबाई होत्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच सांभाळलं होतं, आणि सुरुवातीला गॅसमधला फरक त्यांना मास्तरांनीच शिकवला होता. मास्तरांनी घरच्यासाठी दीडशे ग्रॅम मागितला. बाईंनी छापील कागद पुढे ओढला आणि विचारलं, "गळती कुठे होती?"

"गळती नाही हो. थोडा कमी झालाय."

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का चालवून संपायला? कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. हे मला कोणी सांगितलं?"

मास्तर कसनुसं हसले.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," बाई म्हणाल्या, आणि म्हण तिथेच सोडून दिली. मग हलक्या आवाजात सांगितलं की त्यांनाही तपासनीसाला उत्तर द्यावं लागतं. फोटो आणा, शनिवारी सकाळी गॅस तयार ठेवते.

शुक्रवारी मास्तरांनी कुठलंच काम घेतलं नाही. सकाळी आठला फ्रीज भिंतीपासून ओढला आणि बाजूवरची धूळ फडक्याने टिपली. पुसली नाही.

सव्वापाच वर्षांच्या तारखा होत्या. मास्तरांनी त्या पाहिल्या होत्या, पण वाचल्या कधी नव्हत्या. आता ते पाटावर बसले आणि बोटांवर महिने मोजू लागले. पहिल्या दोन तारखांमध्ये एकोणीस महिने. मग चौदा. मग अकरा. मग आठ, सहा, पाच. शेवटच्या पाच तारखांपुढे बायकोने एकच शब्द लिहिला होता, "पुन्हा".

गिऱ्हाइकाच्या फ्रीजवर अशा तारखा दिसल्या असत्या तर मास्तरांनी त्या माणसाला चांगलं फैलावर घेतलं असतं. गळती वाढत चालली आहे हे दहावीतलं पोरही सांगेल. तिने तर तोंडानेही सांगितलं होतं. "अहो, एकदा बघा ना नीट. गावाच्या फ्रीजला वेळ आहे, माझ्याच फ्रीजला नाही." मास्तर म्हणायचे, सीझन संपू दे. सीझन संपला की गॅस उरायचा, आणि उरलेला गॅस फुकट होता, मग शोधायचं कशाला?

यंत्रात उरलेला गॅस त्यांनी एरवी खिडकीतून सोडला असता. आता तेही चालत नव्हतं. तो त्यांनी मशीन लावून वेगळ्या सिलिंडरात ओढून घेतला. मग नळ्या एकेक करून तोडल्या, टोकं बंद केली, प्रत्येकीत नायट्रोजन भरून दाब दाखवणारं घड्याळ लावलं. मागची जाळी ठीक होती. बर्फाचा कप्पा ठीक होता. दाराच्या चौकटीतून एक बारीक नळी फिरवलेली असते, चौकटीला घाम येऊ नये म्हणून. तिचा काटा तासाभरात खाली आला. ती नळी पत्र्याच्या आत, फोममध्ये पुरलेली, काढता येत नाही. पण तिला वगळून जाळी सरळ पुढे जोडता येते. हे काम मास्तरांनी शेकडो घरी केलं होतं. त्यांनी नवा फिल्टर बसवला, सांधे डाख देऊन पक्के केले, साबणाचा फेस लावून पाहिला. कुठेही बुडबुडा नाही. फोटो काढला. घड्याळात साडेबारा झाले होते.

जेवायचं सोडून ते पुन्हा तारखांसमोर पाटावर बसले.

शनिवारी सकाळी बाईंकडून गॅस आणला. वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून ग्रॅम मोजत भरला, आणि फ्रीज चालू केला.

साडेतीनला लेक आली. फ्रीज रिकामा करायला तिने पिशव्या आणल्या होत्या. तो भिंतीपासून दूर चालू दिसला तेव्हा तिने बापाकडे पाहिलं, आणि मग ती बाजूला गेली. तारखा तिने वरपासून खालपर्यंत वाचल्या. पिशव्या तिच्या हातातच होत्या.

तेवढ्यात मोटर थांबली. स्वयंपाकघर एकदम शांत झालं, इतकं की खालच्या मजल्यावरचा नळ ऐकू आला.

"बंद पडला का?" लेकीने विचारलं.

"नाही. आत गार झालं की ती थांबते. तशीच थांबायला हवी."

लेक बाजूच्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिली. शेवटचे चार महिने आई तिथल्या कॉटवर होती. ती मोटर क्षणभर थांबत नाही, डोकं भणभणतं, असं ती दोघांनाही सांगायची. मास्तर तेव्हा दार लोटून घ्यायचे.

"किती वेळ लागला बाबा?"

मास्तरांना थाप मारता आली असती. "अर्धा दिवस," ते म्हणाले.

लेक पाटावर बसलेल्या बापाशेजारी जमिनीवर बसली. खाली गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. ती उठली, जिना उतरून गेली. बराच वेळ तिचं आणि गाडीवाल्याचं बोलणं चाललं होतं. नोंदवलेलं नाव कापायला सही लागते म्हणे. ती वर आली तेव्हा मोटर पुन्हा सुरू झाली होती.

"बिल जास्त आलं तर मात्र मी ऐकणार नाही," ती म्हणाली.

"नको ऐकूस."

दोघांनी मिळून फ्रीज जागेवर ढकलला. त्याआधी तिने पर्समधून पेन काढून पुढे केलं, पण मास्तरांनी मान हलवली आणि स्वयंपाकघरातल्या खणातून पेन्सिलीचं थोटूक शोधून आणलं. शेवटच्या तारखेखाली त्यांनी आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात त्या दिवसाची तारीख लिहिली. पुढे काही लिहिलं नाही.

चौकटीतली नळी वगळली की दमट दिवसांत दाराच्या कडेला पाणी धरतं. ते रोज पुसावं लागतं, नाहीतर पत्रा गंजतो. गिऱ्हाइकांना मास्तर हे आधीच बजावून ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यांनी दांडीवरचं फडकं घेतलं आणि कड वरपासून पुसायला घेतली.