बरणीतली पातळी

अभियंता हातांनी घडतो, पुस्तकांनी नव्हे. आगरदांड्याच्या रस्त्यावरच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या भिंतीवर, हे वचन सोनेरी अक्षरांत लिहिलेले आहे. त्याच्या खाली त्याच पेंटरने लिहिले आहे : कृपया उपकरणांना हात लावू नये.

दोन्ही मजकूर विभागप्रमुख विश्वंभर सरांचे. सरांची मुरुडला नारळ-सुपारीची वाडी. एका जागी उभ्या राहणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास होता. हलणाऱ्या गोष्टी त्यांना चालत नसत. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे प्रक्रिया नियंत्रण हा विषय होता.

विषयासाठी एक परदेशी यंत्रही होते. ते आले तेव्हापासून प्लास्टिकच्या वेष्टनात होते आणि दर दसऱ्याला त्या वेष्टनाला हार पडत असे.

नव्याने लागलेल्या अनुया मॅडमनी या देवस्थानाकडे पाठ करून टेबलावर आपला संसार मांडला. घरोघरी फरसाण भरतात तसली पारदर्शक बरणी, माशांच्या टाकीतला छोटा पंप, फ्लशच्या टाकीतला तरंगता गोळा, आणि पंप कमी-जास्त करणारे एक सर्किट. बरणीच्या तळाला नळ, अंगावर पातळीची एक खूण. नळ सोडला की पाणी उतरते, गोळा उतरतो, सर्किटला कळते, पंप जोर करतो, जरा जास्तच करतो, पाणी खुणेच्या वर जाते आणि मग शहाणे होऊन खुणेवर येते. खर्च मासळीच्या दोन थाळ्यांइतका. त्यातही पापलेट न घेता.

पहिल्या वर्षाची पोरे त्या बरणीवर तुटून पडली. उरणची रुचिता म्हात्रे तर नळ असा सोडायची, की पंपाला घाम फुटावा.

"मॅडम, याला गंडवायला लय मजा येते."

"गंडव. त्याशिवाय तो किती मठ्ठ आहे ते कळणार नाही तुला."

मग महाविद्यालयाच्या तपासणीला समिती येणार असे ठरले. सरांनी अनुयाला बोलावून घेतले. "समितीला प्रयोग पटला तर प्रयोगशाळेची खोली तुमची, दर मंगळवारी प्रात्यक्षिक. नाही पटला तर संस्थेला तिथे पाहुण्यांच्या जेवणाची सोय करायची आहे." त्या दिवसापासून अनुयाला त्या खोलीपलीकडे काही दिसेना.

आदल्या दिवशी तिने सरांसमोर नळ सोडला.

"हे काय?" सर दचकले.

"पातळी उतरली, सर. आता पंप..."

"समितीसमोर उतरणार?"

"उतरल्याशिवाय सावरणार कशी?"

"मॅडम, पाहुणे आले की तुम्ही आधी घरात भांडण करता आणि मग ते मिटवून दाखवता का?"

तेवढ्यात पाणी खुणेच्या वर गेले. सरांनी डोळेच मिटून घेतले. "उद्या पाणी खुणेवर पाहिजे. तिथून हलायला नको. नळाला एम-सील लावा."

"मग पंपाने काय करायचं?"

"दिसायचं."

अनुयाने विचार केला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. खोली मिळाली की खरवडून टाकू. तिने स्वतः एम-सील मळले आणि नळाच्या तोंडात अंगठ्याने दाबून बसवले. अभियंता हातांनी घडतो.

समिती दिघीहून फेरीबोटीने आली. परतीची फेरी गाठायची होती आणि मध्ये जेवण होते, त्यामुळे ज्ञानासाठी राहिला वेळ बेताचाच. अध्यक्ष बरणीपुढे वाकले. पाणी खुणेला चिकटून बसले होते.

"किती वेळ राहते पातळी अशी?"

"कायम," विश्वंभर सर म्हणाले. दिवसभरात ते बोललेले हे एकमेव खरे वाक्य.

"वा! आमच्याकडे एवढी महागडी यंत्रं, पण काटा सारखा हलतोय. आणि ही बघा, ढिम्म!"

"सर," मागून रुचिता म्हणाली, "पाणी हलतच नाय, तर कंट्रोल कसला?"

"बेटा, यालाच तर कंट्रोल म्हणतात." अध्यक्ष हसले. मग समिती हसली. विश्वंभर सर दोघांपेक्षा मोठ्याने हसले.

रुचिताने अनुयाकडे पाहिले. अनुयाने बरणीकडे पाहिले. "नंतर सांगते," ती म्हणाली. नंतरही सांगितले नाही.

शेरा आला : 'आदर्श प्रयोग. त्रुटी शून्य.' खोली वाचली. मंगळवारी अनुया पर्समध्ये पटाशी घालून प्रयोगशाळेत आली, तर टेबलाभोवती लाल दोरी बांधलेली आणि पेंटर स्टुलावर उभा राहून भिंतीवर वचनाखालची ती 'हात लावू नये'ची ओळ रंगवतोय.

"सर, मुलांना नळ सोडायचाय."

"समितीने वाखाणलेली पातळी आहे ती, मॅडम. आता कशी मोडायची?"

तेव्हापासून दर मंगळवारी प्रात्यक्षिक होऊ लागले. मुले दोरीबाहेर बसून बरणीचे चित्र काढत आणि दर पाच मिनिटांनी तोच आकडा लिहीत. रुचिताने पहिल्याच तासाला सत्राचे सगळे आकडे लिहून टाकले. अनुयाने तिला पैकीच्या पैकी गुण दिले. चूक काढायला जागाच नव्हती. उन्हाने पाणी थोडे आटे आणि पंप तर बंदच, म्हणून विश्वंभर सर रोज सकाळी येऊन आपल्या बाटलीतले पाणी खुणेपर्यंत ओतून जात. यंदाच्या दसऱ्याला बरणीलाही हार पडला.

दिवाळीनंतर आरोग्य केंद्राचा माणूस पाहणीला आला. बरणीत डासांच्या अळ्या होत्या. त्याने ती बाहेर नेऊन उपडी केली.