सळईला पाणी

कॉलिन टास्कर स्वतःच्या कुंड्यांनासुद्धा पाणी घालत नसे. त्यामुळे तो विनिफ्रेड स्क्रिमशॉच्या कॅरॅव्हॅनमागे बादली घेऊन वाकलेला दिसताच विनीने पडदा दोन बोटं सरकवला.

कॉलिन पार्कचा व्यवस्थापक. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या किनाऱ्यावर चाकं असूनही कधी जागची न हललेल्या कॅरॅव्हॅनांच्या रांगा, आणि त्यांत तशीच न हलणारी पेन्शनर मंडळी, हा त्याचा कारभार.

विनीचा संशय जुना होता. समुद्रावरून ओल्या पायांनी येऊन दाराची धातूची मूठ धरली की हाताला झिणझिण्या येत. तिचा नवरा नेव्हिल म्हणे, "वय झालं तुझं." कॉलिन म्हणे, "नायलॉनचा गालिचा, बाईसाहेब. पाय घासले की अंगात वीज भरते. बदलून टाका." गालिचा दाराच्या आत आणि विनी बाहेर, ही बाब दोघांनाही किरकोळ वाटली होती. शनिवारी नात येणार होती. चार वर्षांच्या त्या बयेला पायांत काही घालणं मान्यच नव्हतं. तिला येऊ द्यावं की नाही, हे विनीचं ठरत नव्हतं.

"नेव्हिल, तो मागे पाणी ओततोय."

"हायड्रेंजियाला घालत असेल. भला माणूस आहे."

"हायड्रेंजिया पुढे आहे."

"मग चुकला असेल. माणूसच आहे."

कॉलिन गेल्यावर विनी मागे गेली. चिखल झाला होता तो नेमका अर्थिंगच्या सळईभोवती. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

दुपारी वार्षिक तपासणीला इन्स्पेक्टर आला, तेव्हा कॉलिनच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. विनीचा संशय शर्टाएवढाच कडक झाला.

इन्स्पेक्टरने वीज बंद करून सळईची तार सोडवली. "घराला कंपनीचं अर्थिंग चालतं, कॅरॅव्हॅनला नाही," तो म्हणाला. "कंपनीची तार रस्त्यात तुटली, तर सगळा सांगाडाच करंट मारतो. म्हणून प्रत्येकीला वेगळी सळई, जमिनीत खोल." मग मीटर पाहून त्याच्या भुवया चढल्या. "उत्तम! ओल्या मातीत वीज अशी सहज मुरते, पण अशा कोरड्या वाळूत?"

"आमची जमीनच गुणी," कॉलिन म्हणाला.

"आणि खारट," विनी म्हणाली. "खोल म्हणजे किती हो?"

"माझ्या छातीला लागेल एवढी सळई असते."

विनी वाकली आणि तिने सळई उपटली. गाजरासारखी आली. लाटण्याएवढी होती, आणि खालचं टोक करवतीने कापलेलं.

"खाली दगड लागतो हो," कॉलिन म्हणाला. "जाईना ती."

"असे दगड आणखी किती ठिकाणी लागले?" इन्स्पेक्टरने विचारलं.

कॉलिन रांगेच्या शेवटापर्यंत बघत राहिला.

संध्याकाळी अख्ख्या रांगेची वीज तोडलेली होती. बंद फ्रिजमधले बर्फ सुटलेले मासे कोळशावर भाजत शेजारी विनीकडे असे बघत होते, की जणू सळया तिनेच कापल्या.

"शनिवारचं रद्द ना मग?" नेव्हिल म्हणाला. "टीव्ही नाही, फ्रिज नाही."

"उलट, आताच येऊ दे. वीज येईपर्यंत तिला इथे काही धोका नाही."

आणि कॉलिन दारात ठेवून गेला होता त्या मेणबत्त्या तिने आधी हुंगून पाहिल्या.