शेगडी काढून घेतलेली कॅरॅव्हॅन

मित्रांनो, नरोलीच्या रस्त्याला झिपरूचा भंगारवाडा आहे. तिथे जुन्या कूलरच्या ढिगाशेजारी एक लांबट पांढरी गाडी विटांवर उभी दिसेल. तिला चाके नाहीत आणि तिच्या पत्र्याच्या फरशीत दाराजवळ एक चौकोनी भोक आहे. ती गाडी म्हणजे मी.

मी कॅरॅव्हॅन आहे, म्हणजे चाकांवरचे घर. मला इंजिन नाही. दुसऱ्या गाडीने ओढले तरच मी चालते. सिल्वासात मला कॅरॅव्हॅन कोणी म्हटले नाही. सगळे मला डबा म्हणत.

माझा जन्म राखोलीच्या एका शेडमध्ये झाला. रस्ते बांधणाऱ्या ठेकेदाराने मला त्याच्या इंजिनिअरांसाठी बनवून घेतले. आत दोन झोपायच्या फळ्या, एक मोरी आणि जाळीची खिडकी होती. नाशिकचे अशोक साहेब माझ्यात तीन वर्षे राहिले. ते रोज सकाळी माझी पायरी ओल्या फडक्याने पुसत आणि दसऱ्याला मला झेंडूचा हार घालत. रस्ता पूर्ण झाला आणि ते गेले. मला नरोलीत एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला लावून ठेवले. दोन पावसाळे माझ्याकडे कोणी पाहिले नाही. झरोक्यात मधमाश्यांनी पोळे केले.

मग भगवंत आणि कोंडाबाई आले. ते अमळनेरकडचे. भगवंत धाग्याच्या कंपनीत फिटर होते. कोंडाबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत डोकावले आणि म्हणाल्या, “पोळं काढा अन् हिला घ्या. इथं भाकरी करीन मी.”

कोंडाबाईंना ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक जमत नसे. त्या दाराजवळ खाली बसत. त्यांच्यासमोर कोळशाची लोखंडी शेगडी असे. भाकरी विकायला ट्रॅक्टरने मला कंपन्यांच्या गेटवर नेताना शेगडी सरकू नये, म्हणून भगवंतांनी ती माझ्या फरशीत चार बोल्टांनी बसवली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. नटांवर वेल्डिंगचे टाके मारले. कोंडाबाई म्हणाल्या, “कधी काढायची झाली तर?”

“कशाला काढायची?” भगवंत म्हणाले.

सोळा वर्षे त्या शेगडीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी झाल्या. कंपनीची पाळी सुटली की माझ्यापुढे रांग लागे. बिहारची माणसेसुद्धा “भाकर” म्हणायला शिकली. झिपरू तेव्हा कंपनीत ट्रक भरायचा. तो विचारायचा, “काकू, आज ठेचा पळाला का?”

“पळाला नाही. तू काल खाऊन संपवलास,” कोंडाबाई म्हणायच्या, आणि त्याला लपवलेल्या वाटीतला ठेचा वाढायच्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, धंदा बंद असे. त्या दिवशी दोघे माझ्यातच पूर्वजांच्या नावाने घागर भरत. कोंडाबाई पुरणाचे मांडे आणि आमरस करत. मग शेगडीतल्या निखाऱ्यावर आपल्या गेलेल्या माणसांसाठी घास ठेवत. याला आगारी म्हणतात. गेलेली माणसे चुलीच्या वासाने घर शोधतात, असे त्यांच्या गावी मानतात.

पुढे कंपन्यांची स्वतःची कँटीन झाली. कोंडाबाईंचे गुडघे दुखू लागले. मी पुन्हा प्लॉटच्या कडेला आले. छत गळू लागले, फळ्या फुगल्या आणि टायर मातीत बसले. गेल्या दिवाळीनंतर कोंडाबाई छातीत दुखून वारल्या.

त्यानंतर भगवंत रोज दुपारी टोकरखाड्याच्या घरून माझ्याकडे येत. दाराजवळ बसत. काही करत नसत. शेगडीतली राखही त्यांनी काढली नाही. मी मोडकळीला आले होते. मला ठेवून कोणाचा उपयोग नव्हता, हे मलाही कळत होते.

चैत्रात त्यांची मुलगी मंजुषा आली. पायरीवर उभी राहून म्हणाली, “आप्पा, प्लॉटवाल्यांचा फोन होता. सोमवारी भिंत घालणार.”

“घालू दे.”

“तुमच्यासकट?”

भगवंत म्हणाले, “अखाजी होऊ दे. तुझ्या आईची पहिली अखाजी आहे. घरी गॅस आहे. गॅसवर आगारी कशी टाकू? ती यायची कुठं?”

मंजुषा खाली बसली, आईच्या जागेवर. मग म्हणाली, “आप्पा, आईनं कधी डब्याला नमस्कार केलेला पाहिलाय तुम्ही? ती शेगडीला हात जोडायची. शेगडी घरी न्या. ती तिथं येईल.”

भगवंत उठले आणि नट खोलायचे पाने घेऊन माझ्याखाली शिरले. तासभर खटपट केली. नट हलले नाहीत.

रविवारी सकाळी झिपरू मला न्यायला ट्रॅक्टर घेऊन आला. आता त्याचा भंगाराचा धंदा आहे. खाली वाकून बघत तो म्हणाला, “काका, या नटांवर टाके कोणी मारले?”

“मीच.”

“फिटर माणूस, आणि उघडायला वाट ठेवली नाही?”

“नाही ठेवली,” भगवंत म्हणाले. “वाटलं, लागणार नाही.”

झिपरूने ग्राइंडर काढला. भगवंतांनी तो त्याच्या हातातून घेतला. राख पितळी डब्यात भरली. मग शेगडीभोवती दीड फुटाचा चौकोन आखला आणि माझी फरशी कापली. ठिणग्या त्यांच्या सदऱ्यावर पडत होत्या. मंजुषा म्हणाली, “आप्पा, लांब व्हा.” ते झाले नाहीत. शेगडी माझ्या पत्र्यासकट वर आली. भगवंत आणि झिपरूने ती मंजुषाच्या गाडीत ठेवली. भगवंतांनी परत येऊन माझे दार लावून घेतले आणि कडी घातली. भंगाराच्या गाडीला कडी कोणी घालत नाही. झिपरू हसला नाही.

परवा अखाजी झाली. झिपरूला जेवायला बोलावले होते. बाहीवर आमरसाचा डाग घेऊन तो परतला आणि बायकोला सांगू लागला, “गॅलरीत शेगडी पेटवली. शेजारचे धूर झाला म्हणून ओरडले. मंजुषानं त्यांना सांजोऱ्या दिल्या, मग गप्प झाले. काकांनी घास टाकला. म्हणाले, पहिला घास पडल्या पडल्या जळला, म्हणजे आली ती. अन् बुडाचा पत्रा काढून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. राहू दे म्हणाले.”

मित्रांनो, वस्तू वापरात असेपर्यंत तिची पायरी पुसा, छत गळते का बघा, बिजागरीला तेल घाला. तिचे काम संपले की तिला उन्हापावसात कुजत ठेवू नका. जे ठेवण्यासारखे आहे ते घरी न्या, बाकीचे देऊन टाका. आणि काही बसवताना उघडायला वाट ठेवा.

उद्या सकाळी झिपरूची माणसे मला कापतील. पत्रा एकीकडे, ॲल्युमिनियम एकीकडे. सगळी मोजदाद झाल्यावर दीड फुटाचा एक तुकडा कमी भरेल. तो टोकरखाड्यात आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. तो अजून कामावर आहे.