निवेदकाचा खोकला

दवाखान्याच्या पायरीवर सोपानरावांनी खिशातली लवंग काढली, बायकोचं लक्ष रस्त्याकडं आहे हे बघून झटकन दाढेखाली सरकवली आणि मिशीवरून हात फिरवला. लवंग दाढेखाली असली की खोकला थोडा वेळ तरी दबून राहतो, असा त्यांचा अनुभव होता. डॉक्टरांसमोर रक्तदाब तपासून होईपर्यंत तेवढं निभलं म्हणजे झालं.

आता डॉक्टरकडं जाताना खोकलाच लपवून नेणाऱ्या माणसाला काय म्हणावं? पण सोपानरावांपाशी त्याला कारण होतं. चाकणपासून मावळापर्यंत कुठंही बैलगाड्यांची शर्यत असली की माइक सोपानरावांच्या हातात. गाडे पळतात त्या चढाला घाट म्हणतात, आणि घाटात निवेदकाचा एकच नियम, पुकारलं ते झालं. एकदा माइकवरून निकाल गेला की गाडामालक पाया पडला तरी तो मागं घेता येत नाही. उभा जन्म ह्या नियमानं वागल्यावर तो अंगात मुरणारच. खोकल्याचं तोंडानं बोललो की त्याचाही निकाल लागला, असं त्यांना वाटायचं. आणि निकाल कोणता, तेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ज्यांच्याकडून ते माइक धरायला शिकले ते नवनाथअण्णा घशाच्या रोगानं गेले, आणि सुरुवात म्हणे साध्या खोकल्यानंच झाली होती.

म्हणून ह्या वर्षी त्यांनी गावच्या यात्रेलासुद्धा नाही म्हणून कळवलं. आता तरण्या पोरांना बोलू द्या, म्हणाले. लोक म्हणाले, केवढं मोठं मन. मन कसलं नि काय, भीतीनं माणूस पार खंगायला आला होता. माइक सुटला तर आपण उरतो किती, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

आत डॉक्टर प्राजक्ता नेहमीसारख्या घाईत होत्या. कारखान्यांच्या चिखलीत सोमवारी दवाखाना म्हणजे जत्राच. रविवारची सुट्टी संपली की कामगारांच्या सगळ्या दुखण्यांना एकदम कंठ फुटतो.

"या काका. बरं आहे ना?"

"बरं हाय."

"गोळी रोज घेताय ना?"

"रोज."

"जेवण चांगलं हाय, झोप चांगली हाय," यशोदाबाईंनी मागून घाईघाईनं भर घातली. "कशाची म्हणून तक्रार न्हाई, डॉक्टरीणबाई."

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. तो उत्तम होता. त्यांनी हीच गोळी पुढं चालू, असं लिहायला पेन उचललं आणि काय मनात आलं कोण जाणे, नळी कानाला लावून उठल्या.

"जरा मोठा श्वास घ्या बरं."

सोपानरावांनी अर्धाच घेतला.

"अजून मोठा."

आता घाट गाजवणाऱ्या माणसाला कुणी मोठा श्वास घे म्हटलं आणि त्यानं घेतला नाही, तर इभ्रत काय राहिली? त्यांनी छाती फुगवून श्वास ओढला. त्यासरशी लवंग दाढेखालून निसटली आणि घशाकडं निघाली. मग जो खोकला उठला, तो थांबायचं नाव घेईना. डोळ्यांतून पाणी आलं, टोपी तिरकी झाली, लवंग डॉक्टरांच्या टेबलावर येऊन पडली. यशोदाबाई पाठीवर हात फिरवत राहिल्या.

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. लवंगेकडं बघितलं. खोकला शमल्यावर त्यांनी विचारलं,

"किती दिवस झाले?"

"चार दिस," सोपानराव म्हणाले.

"दिवाळीपासनं," त्याच दमात यशोदाबाई म्हणाल्या.

सोपानरावांनी मान वळवून बायकोकडं बघितलं.

"तुला ठाव होतं?"

"मोरीत नळ सोडून खोकता. घरात ऱ्हाते ना मी?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाई म्हणून." यशोदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, मी इचारलं आन् तुमी व्हय म्हणला तर? अण्णांचं डोळ्यानं बघितलंय मी."

म्हणजे इतके महिने एकाच घरात दोघं एकाच भीतीला आळीपाळीनं पाणी घालत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरा सुखात आहे. सोपानरावांना एकदम भडभडून आलं. आपण हिच्यापासून लपवलं ह्यापेक्षा, हिनं हे एकटीनं सोसलं, हे त्यांच्या जिवाला लागलं.

डॉक्टर प्राजक्तांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"काकू, आता तुम्ही थांबा. काका सांगतील. पहिल्यापासून, काही न गाळता."

सोपानराव चाचपडत बोलू लागले. रक्तदाबाची गोळी दसऱ्याच्या सुमारास लागली. फराळाला बसलो तेव्हा घशात पहिली खवखव झाली. वाटलं, चिवड्यातलं तिखट. पण फराळाचे डबे रिकामे झाले तरी खवखव हटेना. बोलता बोलता त्यांचा धंदा जागा झाला आणि आवाज आपोआप चढला.

"मंग काय सांगू, कफ न्हाई, ताप न्हाई, नुसता कोरडा! दिवसा दबा धरून बसतोय, आन् पाठ टेकली की सुटलाच गाडा. घास गिळाया तरास न्हाई, अंगावरचं कापड ढिलं न्हाई, आवाज हाय तसा खणखणीत. पर खोकला काय हटत न्हाई!"

बाहेर बसलेल्यांना सगळं ऐकू गेलं असणार. डॉक्टर हसू दाबत ऐकत होत्या. मग त्यांनी घसा तपासला, मानेला हात लावून बघितला, छाती पुढून मागून ऐकली. सोपानराव डोळे मिटून बसले होते, पंचांचा निर्णय ऐकायला बसावं तसे.

"काका, मला तरी हे गोळीचं काम दिसतंय."

"कसलं?"

"आपण दिलेल्या गोळीचं. काही जणांना तिच्यानं असा कोरडा खोकला येतो. गोळी बदलते. लगेच नाही, पण काही आठवड्यांत थांबायला हवा. नाही थांबला तर सरळ यायचं, मग छातीचा फोटो काढू. पण यायचं, आणि सांगायचं."

सोपानरावांनी डोळे उघडले. बायकोकडं बघितलं.

"म्हंजी गोळी बदलली की झालं?" यशोदाबाईंनीच विचारलं.

"बहुतेक झालं. तुम्ही पहिल्याच खेपेला सांगितलं असतं तर तेव्हाच बदलली असती." डॉक्टरांनी नव्या गोळीचं नाव लिहिलं. "माझंही चुकलंच. मी आपली दर वेळी 'बरं आहे ना' म्हणते. असं विचारल्यावर माणूस दुसरं काय सांगणार?"

"न्हाई न्हाई, तुमची काय चूक," सोपानराव म्हणाले. "भल्या माणसाला वंगाळ कशाला सांगा, म्हणून आमीच गप."

"मला वंगाळच सांगायचं, काका. त्यासाठीच बसलेय इथं."

यशोदाबाई आधी हसल्या आणि मग रडल्या, आणि मग दोन्ही एकदम करू लागल्या. सोपानरावांनी चारचौघांत कधी बायकोचा हात धरला नव्हता. आज धरला, आणि दारातून बाहेर आल्यावरही सोडायचं विसरले.

बाहेर बाकं भरली होती. शेजारच्या वर्कशॉपात कुणी पत्रा ठोकत होतं आणि काउंटरवरची करिष्मा त्या आवाजाशी झटत पुढच्या पेशंटला बोलावत होती.

"रोशनबी... रोशनबी आल्यात का?"

कुणाला काही ऐकू जात नव्हतं. पोरीचा घसा बसायला आला होता.

सोपानराव थांबले. त्यांनी टोपी सरळ केली, छाती भरून श्वास घेतला.

"रोशनबीऽऽ! कुठं बसल्यात रोशनबी? उठायचं, आत जायचं, डॉक्टरीणबाई वाट बघत्यात! आन् जे काय दुखतंय त्ये समदं, न लाजता..."

शेजारचा हातोडा थांबला. कोपऱ्यातली एक म्हातारी दचकून उठली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. सगळी बाकं हसत होती. आणि ऐन भरात, वाक्य पुरं व्हायच्या आत, खोकल्यानं सोपानरावांना गाठलं. सवयीनं त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली, आणि मोकळा हात तोंडावर दाबून ते मागं भिंतीकडं वळले.

यशोदाबाईंनी त्यांना खांद्याला धरून परत लोकांकडं फिरवलं आणि त्यांच्याच खिशातून रुमाल काढून हातात दिला.

"खोका आता," त्या म्हणाल्या. "मोकळ्यानं खोका."

सोपानराव खोकले, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असे.