डॉर्नकाम्पचं कलतं मैदान

डॉर्नकाम्पच्या मैदानाला उतार होता. थोडाथोडका नव्हे. उत्तरेच्या गोलपाशी बिअरची बाटली आडवी ठेवली, की ती खेळाडूंच्या पायांतून वाट काढत दक्षिणेच्या गोलात जाऊन विसावायची. एकदा म्हणे वरच्या गोलकीपरला शिंक आली आणि तेवढ्यावर समोर गोल झाला. ज्यांनी पाहिलं ते शपथेवर सांगतात. ज्यांनी नाही पाहिलं ते जास्त जोरात सांगतात.

कारण साधं होतं. गावाच्या पोटात कोळसा आणि गावातले सगळे पुरुष खाणीत. दक्षिणेच्या गोलखालचा कोळसा त्यांनीच उपसला, वरची जमीन बसली. आठवडाभर खाली खणायचं आणि रविवारी वर येऊन आपणच पाडलेल्या खड्ड्यात गोल मारायचे, असा त्यांचा क्लब. पहिला हाफ चढावर कसाबसा तग धरायचा आणि दुसऱ्या हाफला धबधब्यासारखं खाली यायचं. असं करत करत एका वर्षी हा क्लब चक्क वरच्या लीगमध्ये गेला.

त्या दिवशी ओटिली पिओन्टेक खिडकीतून इतकी ओरडली, की पुढे कितीतरी दिवस तिला खुणेनं बोलावं लागलं. तिचा नवरा आल्फॉन्स म्हणायचा, आमच्या संसारातला तोच काय तो सुखाचा काळ. त्यांचं घर बरोबर उत्तरेच्या गोलमागे होतं. मैदानातले दगडधोंडे ओटिलीच्या वडिलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हातगाड्यांनी वाहून टाकले, तेव्हा कुठे हा क्लब सुरू झाला होता. टीमचे काळे-हिरवे शर्ट ओटिलीच धुवायची आणि गोलकीपरला शिव्याही तीच घालायची.

मग वरच्या लीगचा साहेब मैदान तपासायला आला. कडक कॉलर, चकचकीत बूट. त्यानं उत्तरेच्या पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवला, पण खिशातून चष्मा काढेपर्यंत चेंडू निघून गेला. गेला तो थेट दक्षिणेच्या जाळ्यात.

"गोल!" अख्खं गाव ओरडलं.

साहेब हसला नाही. "हे वर्ष चालवून घेतो. पुढच्या ऑगस्टपर्यंत मैदान सपाट दिसलं नाही, तर तुमचे घरचे सामने विट्रॉपला."

विट्रॉप! शेजारचं गाव. डॉर्नकाम्पचे लोक विट्रॉपकडून वारा आला तरी खिडक्या लावून घ्यायचे.

सगळे कामाला लागले. गाड्यांवर गाड्या माती दक्षिणेला ओतली. जमीन ती गिळून ढेकर द्यायची आणि आणखी खाली बसायची. शेवटी क्लबच्या अध्यक्षानंच हात टेकले. हा कुलेसा, गावातल्या एकुलत्या गुत्त्याचा मालक.

"बास झालं," तो बिअर ओतता ओतता म्हणाला. "जाऊ विट्रॉपला. तिथलं गवत तरी चांगलंय."

"गवत खायला जातोयस का रे, कुलेसा?" ओटिलीनं कोपऱ्यातून विचारलं.

"मग तूच सांग ना, दक्षिण कशी उचलू? दातांनी?"

"दक्षिण वर येत नाही ना? मग उत्तर खाली आणा. एक बाजू बसवलीत तेव्हा कुणाला विचारलं होतंत? आता दुसरीखालचाही कोळसा काढा."

मोठा हशा झाला. मग तो हळूहळू विरत गेला, कारण बसलेले सगळे खाणवाले. हसता हसताच एकेकाला डोळ्यांसमोर बोगदा दिसायला लागला होता.

खाणीचा मोठा साहेब ह्युल्सबुश आपल्या ग्लासात बघत होता. "कोळसा आहे तिथे," तो म्हणाला. "चांगला जाड थर. आम्ही मुद्दाम सोडलाय."

"मुद्दाम? का बरं?"

"वर तुमचं घर आहे, फ्राउ पिओन्टेक."

ओटिली अर्धा ग्लास तसाच टेबलावर ठेवून घराकडे निघाली.

घरी आल्फॉन्स कबुतरांना दाणे टाकत होता. गुत्त्यातली बातमी ओटिलीच्या आधी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"घर मी बांधलंय," तो मागे न वळता म्हणाला. "लढाईत बॉम्बनं पडलेल्या भिंतींच्या विटा खरवडून खरवडून."

"विटा मी खरवडल्या. तू रचल्यास."

"आणि माझी कबुतरं? वाकड्या घरावर उतरतील ती?"

"तू गुत्त्यातून वाकडा होऊन येतोस, तुला सापडतं ना घर? त्यांनाही सापडेल."

आल्फॉन्स हसला नाही. "ओटिली, पडलं तर?"

ती पायरीवर बसली. दोरीवर काळे-हिरवे शर्ट हलत होते.

"भीती मलाही वाटते रे. पण बाबांनी हातगाडी ओढून ओढून पाठ मोडून घेतली, ती काय विट्रॉपवाल्यांच्या दोरीवर मी हे शर्ट वाळत घालावे म्हणून? ते माझ्यानं होणार नाही. घर पडलं तर परत विटा खरवडीन. हात आहेत अजून."

आल्फॉन्सनं एका कबुतराची मान खाजवली. मग म्हणाला, "घराला लोखंडी पट्टे घालायला सांग त्यांना. चारी बाजूंनी. आणि चांगले जाड."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी, सगळ्या खाणवाल्यांसमोर तिनं ह्युल्सबुशला खाणीच्या फाटकातच गाठून घराखालचा कोळसा काढायला सांगितलं.

"फ्राउ पिओन्टेक, नाही म्हणा हो. मला झोप लागायची नाही."

"घर माझं जाणार आणि झोप तुमची? चांगलं आहे! घाला पट्टे आणि लागा कामाला."

हिवाळाभर दोघं नवरा-बायको कुलेसाच्या माडीवर राहिली. खाली माणसं कोळसा काढत होती आणि वर उत्तरेचा गोल गुडघे दुमडत बसत होता. घराला आवळलेले पट्टे असे ताणले गेले, की वारा सुटला की व्हायोलिन वाजायचं. गावातली दोन लग्नं त्या वाजवण्यावर उरकली, असं सांगतात.

मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. हात आत जाईल एवढा. ह्युल्सबुश धावत आला, पांढराफटक.

"थांबवतो मी. आत्ताच्या आत्ता."

ओटिलीनं तड्यात हात घातला. आत तिनं खरवडलेली वीट होती, तिच्याच खरवडायच्या पत्र्याचे ओरखडे असलेली. तिनं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. आल्फॉन्स तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"आता थांबलात तर मैदानही वाकडं आणि घरही वाकडं," ती म्हणाली. "चालू ठेवा."

ऑगस्टमध्ये कडक कॉलरचा साहेब परत आला. या वेळी चष्मा आधीच नाकावर. त्यानं त्याच ठिपक्यावर चेंडू ठेवला. गाव श्वास रोखून उभं होतं. चेंडू थरथरला, बोटभर सरकला. कुलेसानं डोळे मिटले. चेंडूनं थोडा विचार केला आणि तो थांबला.

साहेबानं बुटाच्या टोकानं जमीन दाबून पाहिली. "खेळा," तो म्हणाला. त्यापुढचं काही कुणाला ऐकूच आलं नाही.

घर पडलं नाही. फक्त मैदानाकडे झुकलं, मागच्या रांगेतल्या माणसानं टाचा उंचावून पुढे वाकून बघावं तसं. कबुतरं सुरुवातीला उतरताना घसरायची, मग एक पाय आखडून चालायला शिकली. सूप ताटलीच्या एकाच काठाला जमायचं आणि ओटिली नेमकी त्याच काठाला बसायची.

आल्फॉन्सला फुटबॉल कधीच आवडला नव्हता. पहिल्या सामन्याला तो मुद्दाम खिडकीकडे पाठ करून, हातात पेपर घेऊन बसला. खुर्ची सरकत सरकत खिडकीला टेकली. त्यानं ती मागे ओढली. ती परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं ती वळवून घेतली.

दुसरा हाफ सुरू होता होता कुलेसा खिडकीखाली येऊन म्हणाला, "आल्फॉन्स, उद्या सुतार पाठवतो. जमिनीवर फळ्या ठोकून सगळं सरळ करून देईल."

"गप बस आणि बाजूला हो," आल्फॉन्स म्हणाला. "दिसत नाहीये मला."