खिडकीपाशी बसलेली आई

शाळा सुटल्यावर त्याच वर्गात जादा तास भरायचा. तिथे इयत्ता कोणी विचारत नसे. ज्याला जेवढं वाचता येतं, त्या गटात त्यानं बसायचं. म्हणून चौथीतली बिट्टी दुसरीच्या चिल्ल्यापिल्ल्यांत, गुडघे पोटाशी घेऊन बसायची. पहिल्याच दिवशी एक कार्टं ओरडलं होतं, "बाई, आपल्यात आजी आली!"

ते आईच्या जिव्हारी लागलं. त्यात चौथीनंतर हे तास नव्हते. यंदा जमलं तर जमलं. दुसऱ्या दिवसापासून ती व्हरांड्यात खिडकीपाशी ठाण मांडून बसू लागली. पोरीला धीर नको का? आणि खरंच, बिट्टी वाचायला लागली. अडली की मान वर करायची, आईकडे बघायची आणि पुढचा शब्द अचूक म्हणायची. आईचा जीव भांड्यात पडायचा. आता हिला वरच्या गटात घ्या, असं तिनं बाईंना सुचवूनही पाहिलं होतं.

आज तास सुरू व्हायच्या आधी बाईच बाहेर आल्या.

"बिट्टीची आई, एक सांगू? राग मानू नका. ती वाचताना तुमचे ओठ हलतात."

"माझे?"

"हो. ती अडली की तुमच्या ओठांवरून शब्द उचलते."

आईचा हात ओठांवर गेला. घरी रोज तोच धडा घोकून घेता घेता तो तिलाच तोंडपाठ झाला होता.

"मग मी घरी जाऊ?"

"नको, नाहीतर ती तुम्हालाच शोधत बसेल. इथेच बसा. फक्त खिडकीकडे पाठ करून."

आई व्हरांड्याच्या समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसली. आत बिट्टीनं वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत अडली. कोणीतरी फिसकन हसलं. "गप रे," बाईंचा आवाज.

"आई..."

हाक अगदी बारीक होती. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. डोळे भरून आले, पण ती हलली नाही.

"पा... पार... पारावर," बिट्टी म्हणाली. मग घाईनं, "पारावर बसला."

पुढच्या शब्दाला ती पुन्हा अडली. बाईंनी शब्द सांगितला नाही. आईही भिंतीकडेच बघत राहिली.