कमरेचं कुलूप

"बाई, आंघोळ करताना तरी हे कुलूप काढता का हो तुम्ही?"

फ्राउकेने एका दमात विचारून टाकलं. मागे शाळेच्या वाटेवरचे तिचे सोबती रोमी आणि वेसल एकमेकांना कोपराने ढोसत उभे होते. पैज त्यांचीच होती. घाबरली असती तर आठवडाभर वेसलचं दप्तर तिच्या कॅरिअरवर आलं असतं. ग्रोनिंगन शहराच्या वेशीवरचा कालव्याचा पूल बोटीसाठी उचललेला होता आणि अडसराच्या अलीकडे तीस-चाळीस सायकलवाले एक पाय टेकून थांबले होते. त्यांत ही कुरिअरवाली बाई. पन्नाशीची, काटकुळी, आणि कमरेला मनगटाएवढी जाड साखळी, कुलपासकट. रोज!

बाईने तिला टाचेपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुणी पाठवलं?"

"त्या दोघांनी. पण मलाही जाणून घ्यायचंच आहे."

आणि ते अगदी खरं होतं. शाळा सुरू झाल्यापासून फ्राउकेच्या गणिताच्या वहीची मागची पानं कुलपांनीच भरली होती. कोण कुलूप कसं नेतं? बहुतेक जण ते पुढच्या क्रेटमध्ये टाकतात आणि विटांच्या रस्त्यावरून स्वयंपाकघर पाठीशी बांधल्यासारखे खडखडत जातात. काही जण सीटखालच्या दांड्याला वेटोळं घालतात. हँडलला लोंबकळवणाऱ्यांचे गुडघे निळे असतात. (पाहिले होते तिने, उन्हाळ्यात.) गणिताचे सर ते गळ्यात घालून येतात, नुकताच सत्कार आटोपून आल्यासारखे.

ही नुसती हौस नव्हती. फ्राउकेच्या दोन सायकली चोरीला गेल्या होत्या, एक स्टेशनवरून, दुसरी पोहण्याच्या तलावाबाहेरून. दोन्ही वेळा जाड साखळी घरीच राहिली होती, कारण ते धूड न्यायचं कसं हेच तिला जमत नव्हतं. तिसरी घेऊन देताना पप्पांनी बजावलं होतं, "चौथी मिळणार नाही. ही गेली की बसने जायचं." घरच्या शेडमध्ये जास्तीची म्हणून होती ती एकच, पप्पा-ममाची पिवळी, दोन सीटांची जोडसायकल. ममाचा गुडघा बिघडल्यापासून ती चादरीखाली झोपलेली.

आणि बस? विन्सम गावापासून शाळेपर्यंतचे ते तेरा किलोमीटर, बांधाच्या कडेने, तोंडावर वारा घेत... सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी तिथेच तर बोलल्या जात! बसने येणारी मुलगी शाळेत पोचते तेव्हा सगळे विनोद सांगून झालेले असतात.

"सांगते," बाई म्हणाली. "कमरेवर वजन नीट बसतं. पाठ दुखत नाही, खडखड नाही, उतरलं की कुलूप हाताशी. मात्र एक ध्यानात ठेव, कधीही..."

घंटा वाजली. पूल खाली टेकला, अडसर वर गेला आणि बाई निघूनही गेली.

"कधीही काय?" रोमीने विचारलं.

"कळलं तेवढं पुष्कळ आहे!" फ्राउके म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साखळी कमरेला गुंडाळली आणि कुलूप दाबलं. खट्ट! काय रुबाब आला! किल्लीचा तर प्रश्नच नव्हता. सायकलीलाच बसवलेल्या मागच्या चाकाच्या कुलपाची किल्ली सायकल चालू असेपर्यंत तिथेच अडकलेली असते, चाक बंद केल्याशिवाय ती निघत नाही, आणि साखळीची किल्लीही त्याच कडीत. म्हणजे हरवायचीसुद्धा भीती नाही. बांधावर वेसल म्हणाला, "तुरुंगातून पळून आल्यासारखी दिसतेस." ते तिने कौतुक म्हणून घेतलं.

शाळा सुटल्यावर तिघं बाजारातल्या तळलेले मासे विकणाऱ्याच्या गाडीशी थांबली आणि तेवढ्यात फ्राउकेला ते दिसलं. एक आजोबा संथपणे सायकल मारत चालले होते, शेजारी वासराएवढा काळा कुत्रा दुडकत होता, आणि कुलूप होतं कुत्र्याच्या पाठीवरच्या झोळीत! असा प्रकार वहीत नव्हता. रोमी आणि वेसल रांगेत होती. फ्राउके सायकल भिंतीला टेकवून धावली. मिनिटभराचं तर काम.

"त्याला ओझं आवडतं," आजोबा म्हणाले. "काही काम दिलं नाही, तर घरी येऊन माझे मोजे खातो."

वाक्य मनात घोळवत ती परत आली. भिंत होती. सायकल नव्हती. किल्लीही नव्हती, साखळीचीही नाही. तिने कमरेचं कुलूप ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

रोमी गरम माशांचा पुडा धरून तशीच उभी राहिली. वेसलला मात्र राहवेना. "कुलूप तरी वाचलं ग."

चोरीची तक्रार मोबाइलवरून नोंदवून झाली, मासे कुणाला गोड लागले नाहीत, आणि फ्राउके रोमीच्या कॅरिअरवर बसली. "बाप रे, आज किती जड आहेस!" रोमी धापा टाकत म्हणाली. पूल पुन्हा वर होता. अडसरापाशी तीच बाई. तिने फ्राउकेच्या कमरेकडे पाहिलं, मग तिच्या नसलेल्या सायकलकडे.

"दाबलंस ना कुलूप?"

फ्राउकेने मान खाली घातली.

"तेच सांगत होते. कधीही दाबायचं नाही." बाईने स्वतःची साखळी दाखवली. टोकं नुसती ओढताच सुटणाऱ्या चिकटपट्टीने जोडलेली होती, कुलूप उघडंच. "आणि काल तू आंघोळीचं विचारलंस ना? केली आहे. दोनदा, कुलपासकट. माझीही सायकल अशीच गेली होती, किल्ली घेऊन. दुसरी किल्ली होती आईकडे, दोनशे किलोमीटर लांब."

फ्राउकेला रडता रडता हसू फुटलं. "मग पुन्हा चोरीला गेली नाही?"

"नाही. चोराला पटकन विकता येईल अशी सायकल हवी असते. मी अशी घेतली की बघून तो हसेल." तिच्या सायकलीला खरोखरच आगगाडीच्या डब्यासारखी हिरवी पेटी जोडलेली होती.

पुढचे बारा किलोमीटर फ्राउके समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलीकडे बघत 'ही विकली जाईल, ही नाही' असं पुटपुटत होती. रोमीने दोनदा मागे वळून पाहिलं.

सहाच्या ठोक्याला पानं वाढलेली होती. कुस्करलेल्या बटाट्यावर वाफाळणारं सॉसेज. फ्राउके जाकीट न काढता खुर्चीत बसली आणि खळ्ळकन आवाज झाला.

"हे काय वाजलं?" पप्पांनी विचारलं.

तिने जाकीट वर केलं. "सायकल गेली. किल्लीही तिच्याबरोबर गेली. कुलूप आहे."

ममाने तोंडावर रुमाल धरला. तिचे खांदे हलत होते. पप्पा हसले नाहीत. ते उठले, खणातून दुसरी किल्ली काढली आणि टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आले. "काय ठरलं होतं आपलं?"

"माहीत आहे. चौथी मागत नाहीये मी. पप्पा, थांब, कुलूप नंतर काढ, आधी ऐक. ममा, तूही." ती उभी राहिली, साखळी खळखळली. "मी बसने जाणार नाही. उद्यापासून तुमची पिवळी जोडसायकल नेणार. मागची सीट रिकामीच आहे, साखळी तिलाच गुंडाळीन. सायकल सोडताना दर वेळी लावीन, कुत्रा दिसला तरी आणि हत्ती दिसला तरी. चाकाची किल्ली आणि साखळीची किल्ली वेगवेगळ्या खिशांत. आणि कुणी ती पळवलीच, तर विकणार कुणाला? ठरलंय माझं. आता काढ."